कड्याच्या धारेवरचं पोतं

घरातल्या लेकीने ज्या वर्षी पहिलं पाऊल टाकलं, त्याच वर्षी मी या घरात आलो. मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. तागाचा, तीन पेडांचा. दोरवाल्याने मला वळलं, भिजवलं, ताणलं आणि वाटाड्याच्या खांद्यावर टाकलं.

आमचा वाटाड्या पाहुण्यांना समुद्रकाठचे कडे दाखवायचा. लाल-काळ्या थरांचे खडक, लाटांनी पोखरलेली दगडी कमान, तिच्या बुडाशी चिकटलेली कालवं, वर कपारींत समुद्रपक्ष्यांची घरटी. कपारीपर्यंत वाट नव्हती. तिथे मीच वाट.

पाहुण्यांना उतरवण्याआधी तो स्वतः उतरून बघायचा. वर, मला बांधलेल्या पहारीपाशी त्याची बायको थांबायची. कड्याची धार सुरीसारखी, म्हणून ती माझ्याखाली पोत्याची घडी घालायची. संध्याकाळी गोड्या पाण्याने माझं मीठ धुवायची आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत मुठीतून ओढून बघायची.

वाटाड्या हसायचा, "माझी कधी एवढी विचारपूस केलीस?"

"तुम्ही तुटायच्या आधी घर डोक्यावर घ्याल. हा न सांगता तुटतो."

पाहुणे कमानीचं कौतुक करत. माझं कोणी केलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

एके दिवशी तो कपारीतून ओरडला, "अगं, पंख दुखावलेलं पिल्लू आहे इथे! चोची मारतंय. पोतं टाक!"

"आणि दोराखाली काय घालू? माझं डोकं?"

"आता वरच तर यायचंय. टाक गं!"

तिने पोतं टाकलं. पिल्लू गुंडाळून तो वर आला. येताना उघड्या धारेवर माझा एक पेड कापला गेला. उरलेल्या दोन पेडांनी त्याला वर आणलं.

घरी पिल्लू टोपलीत आणि सगळं घर टोपलीभोवती.

"बाबा, ते जगेल ना?" लेकीने विचारलं.

"न जगायला काय झालं? तुझ्या आईच्या हाती लागलंय. आता ते नको म्हणेपर्यंत खाणार."

बायको मासळीचे तुकडे भरवत बसली. लेक हसत होती. त्या संध्याकाळी मला कोणी धुतलं नाही, मुठीतून ओढलं नाही. मी खुंटीवर होतो.

सकाळी तिने धारेवर नवं पोतं नीट घडी करून घातलं. वाटाड्या उतरला. मी तुटलो.

आता मी खुंटीवरच असतो. बायको कधीतरी मला खाली घेते, मुठीतून ओढते. तुटक्या टोकाशी मूठ थांबते. मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या दोरावरून रोज हात फिरवा. घरात आनंद असेल त्या दिवशी तर नक्कीच.

पिल्लाचा पंख बरा झाला, ते उडून गेलं. वाटाड्या मी तुटलो त्याच दिवशी वारला. लेक सात वर्षांची होती. मंगळवार होता, सकाळची वेळ.