राहात्याची चार माणसं

कोपरगावच्या कानिफनाथ वाबळ्यांचं पत्र आलं तेव्हा उन्हाळा होता. आता राहात्याच्या बाजारात पेरूचे ढीग लागले होते आणि दत्तोपंत गंध्यांनी त्या पत्राला अजून उत्तर दिलं नव्हतं. ज्यांची सारी नोकरी शाळेच्या कचेरीत कागदांना उलट टपाली उत्तरं देण्यात गेली, त्यांच्याच हातून असं व्हावं याचं त्यांनाही नवल वाटे. पत्र तोंडपाठ होतं. तरी दुपारी ते पुस्तकातून काढत, दोन ओळी वाचत, कान गरम होत आणि पत्र पुन्हा पुस्तकात जाई.

सुरुवात झाली ती नगरच्या एका साप्ताहिकातल्या छोट्या जाहिरातीनं. ‘आपली काही गंमत कळवा, तिचं हसरं चित्र हातानं काढून पाठवू. जोडकार्ड व दोन रुपयांची तिकिटं पाठवावीत. एका नावाला महिन्यातून एकच चित्र मिळेल.’ खाली वाबळ्यांचं नाव आणि कोपरगावचा पत्ता होता. जोडकार्ड म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन पोस्टकार्डं, एक आपल्या मजकुराचं आणि दुसरं कोरं, उत्तरासाठी. पंतांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांनी बिचकत बिचकत लिहिलं की मी निवृत्त कारकून आहे, चष्मा लागतो, वाचनाची आवड आहे. गंमत म्हणून कळवण्यासारखं त्यांना एवढंच सुचलं.

आठवड्याभरात कार्ड आलं. चष्मा लावलेला एक बगळा फायलींच्या ढिगावर एका पायावर उभा होता आणि खालच्या माशाला सांगत होता, ‘आधी अर्ज करा.’ पंत हसले. रिकाम्या घरात स्वतःच्या हसण्याचा आवाज ऐकून जरा दचकलेच. मग कार्ड खिडकीशी नेऊन त्यांनी निरखलं. बगळ्याची मान आधी वेगळीच काढली होती, पेन्सिलीची खोडलेली रेघ अजून पुसट दिसत होती. कडेला अंगठ्याचा शाईचा डाग होता. छापील चित्रं त्यांनी ढिगानं पाहिली होती. हे मात्र कुणीतरी, कुठंतरी, फक्त त्यांच्यासाठी बसून काढलं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांना आणखी एक हवंसं वाटलं. महिना कसाबसा काढला. दुसरं कार्ड आलं, दोन दिवस पुरलं आणि पुन्हा तीच तलफ. जन्मात विडीला न शिवलेल्या माणसाला तलफ म्हणजे काय ते या वयात कळलं. नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण एका नावाला एकच, तर नावं वाढवायला काय हरकत होती?

अशी बनुबाई जन्माला आली. एकटी बाई आणि तिची एक शेळी. तिची पत्रं पंत डाव्या हातानं लिहीत. मग पेरूची बाग असलेले भांडकुदळ काकासाहेब आले, ठसठशीत अक्षराचे. मग गणितात सदा नापास होणारा पंकज. स्वतः पंत धरून चौघांचा पत्ता एकच, ‘मार्फत दत्तोपंत गंधे’. यात कुणाला काही खटकेल हे पंतांच्या डोक्यातही आलं नाही.

पोस्टमन आसारामच्या मात्र आलं.

“पंत, ही बनुबाई कोन? आमाला कधी दिसली न्हाई.”

“आहे एक. भिडस्त आहे.”

“व्हय का? घरात चार मान्सं हायत आन दांडीवर धोतर एकच वाळतंय.”

पंत कार्ड घेऊन दार लोटून घेत.

फळीवर पुस्तकांना टेकून कार्डं उभी राहू लागली. शेळीनं बनुबाईचं रेशनकार्ड खाल्लं, तर चित्रात पिशवी घेऊन शेळीच रांगेत उभी. बनुबाईची चित्रं सगळ्यांत गोड येत, कारण तिची पत्रंही तशीच असत. स्वतःच्या नावानं पंत ‘प्रकृती ठीक, हवा बरी’ याच्या पुढं जात नसत. बनुबाई मात्र लिहून जाई, की एकटीसाठी काय भाकरी थापायची, शेळीला हाक मारते तेवढंच दिवसाचं बोलणं. डाव्या हाताला जे लिहवे ते उजव्याला लिहवत नसे.

आणि उन्हाळ्यात ते बंद पाकीट आलं.

‘गंधेसाहेब, चारही पत्रं तुमचीच हे मला पहिल्यापासून माहीत आहे. रेषा पाहण्यातच माझा जन्म गेला. अक्षर बदललं तरी ओळ संपताना तुमचं पेन जरा अडखळतं. राग नाही. पण तुमच्या स्वतःच्या नावाचं पत्र फार कोरडं असतं, त्यात मला चित्राजोगं काही सापडत नाही. एकदा चौघं मिळून चहाला या.’

‘चौघं मिळून’ हे शब्द पंतांच्या गालावर बसले. कोपरगावात एका ओसरीवर पाचसात जण हे पत्र वाचून मांडीवर थापा मारताहेत असं चित्र त्यांना दिसू लागलं. त्या दिवसापासून चौघांचीही पत्रं थांबली. बनुबाईचं एक जोडकार्ड तेवढं आधीच गेलेलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही, तरी पंत रोज आसारामच्या सायकलीकडे कान लावून बसत.

पेरूच्या दिवसांत त्यांच्या चष्म्याची काडी मोडली. काडी राहात्यातही बसवून मिळते हे ठाऊक असून पंत एसटीनं कोपरगावला गेले. चष्म्याचं दुकान मागंच राहिलं आणि ते वाबळ्यांच्या गल्लीत जाऊन उभे राहिले. दारात एक बाई मेथी निवडत बसली होती.

“कोन पायजे?”

“वाबळे इथंच राहतात ना?”

“इथंच. हे न्हाव्याकडं गेलेत, येतील एवढ्यात. तुमी कुठले?”

“राहात्याचा.”

बाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. “राहात्याचे? काकासाहेब का तुमी?”

पंतांना नाही म्हणायला जरा उशीर झाला. तेवढ्यात बाईंनी आतून खुर्ची आणून ठेवलीही.

“शेजाऱ्याशी भांडन मिटलं का?”

“मिटलं,” पंत खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले.

“आन बनुबाई? बरी हाय ना ती? मी ह्यांना सारखं इचारते, कार्ड का येईना तिचं. एकटी बाई, पडली-बिडली तर कोन बघनार?”

“बऱ्या आहेत.”

“तुमी राहात्याची मान्सं थांबली आन ह्यांनी पेन ठिवलं. जाहिरात बी बंद केली. लोक लिहितात, पुढाऱ्याचं काढा, जावयाचं काढा. ह्यांचं मनच लागत न्हाई.”

म्हणजे वाबळ्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. ज्या हसण्याला भिऊन पंत इतके महिने तोंड लपवून होते, ते या घरात कुणी हसलंच नव्हतं.

बाईंनी आतून एक कार्ड आणलं. चुलीपाशी बनुबाई पाठमोरी बसली होती, समोर पाटावर शेळी ऐसपैस मांडी घालून. दोघींच्या मधे दोन ताटं. शेळी म्हणत होती, ‘आज तू बोल, मी ऐकते.’ शेळीच्या दाढीचा एकेक केस वेगळा काढला होता. पंतांचा हात आपोआप पुढं झाला.

“न्या तुमी. हे म्हनत हुते, टपालात टाकनार न्हाई, तिच्याच हातात देईन. पन ती कवा यायची? तुमी द्यालच की.”

कार्ड पंतांच्या बोटांत होतं. नवं खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहून उठायचं होतं. फळीवर बगळ्याशेजारची जागासुद्धा त्यांना दिसली. बराच वेळ ते शेळीकडं पाहत राहिले.

“नको,” ते शेवटी म्हणाले आणि कार्ड खुर्चीवर ठेवून उठले. “त्यांनी ठरवलंय तसंच होऊ द्या.”

“अवो, चहा तरी घ्या.”

“एसटी चुकेल.”

गल्लीच्या तोंडाशी ताजी दाढी केलेला, बुटका, जरा वाकलेला माणूस समोरून आला. बोटांना शाई होती की नव्हती ते पाहायचंही पंतांना धैर्य झालं नाही. ते मान खाली घालून शेजारून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पोस्टात पाकीट मागायचं त्यांच्या मनात होतं. मग साधं कार्डच घेतलं. वाचेल तो वाचो. तिथंच उभ्यानं, उजव्या हातानं त्यांनी लिहिलं:

‘मी काल तुमच्या दारी येऊन गेलो. वहिनी मला काकासाहेब समजल्या आणि मी ते खोडलं नाही. बनुबाई म्हणून कुणी नाही हे त्यांना मी स्वतःच सांगेन, तुम्ही सांगू नका. मी एकटा राहतो. दिवे लागले की पुस्तक मोठ्यानं वाचतो, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. कधी कधी समोर कुणी बसलंय असं धरून पुढं काय होतं ते सांगत नाही, उद्यावर ठेवतो. रविवारी येतो.’

खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव घातलं. पेटीच्या तोंडात कार्ड अर्धं सरकवून ते उभे राहिले.

“टाका की बाबा,” मागची बाई म्हणाली, “आत काय साप हाय का?”

पंतांनी कार्ड सोडलं.