फिल्टर साफ करायला ब्रिस्टलला

"काका, ऐका माझं. ही गाडी तुम्ही घेऊ नका," मिलिंद अगदी कळवळून म्हणाला.

आता स्वतःच विकायला काढलेल्या गाडीबद्दल माणसाने गिऱ्हाइकाला असं सांगावं का? पण मिलिंदचाही इलाज नव्हता. तो नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळाचा खजिनदार, आणि समोर उभे मंडळातले सगळ्यात जुने शशिधरकाका. गाडी उद्या बंद पडली, तर पुढच्या दर गणपतीत आरती संपली रे संपली की सगळे त्याच्याकडेच बघणार! त्यापेक्षा अनोळखी माणूस परवडला.

"का रे बाबा? चांगली दणकट दिसतेय की," काका गाडीला प्रदक्षिणा घालत म्हणाले. काळी, उंच, फोर-व्हील ड्राइव्ह डिझेल. आत चढायचं तर काकांना वरचं हँडल धरून लोंबकळावं लागत होतं.

"दणकट आहे हो. पण तिचा एक्झॉस्टचा फिल्टर! धुरातली काजळी त्यात अडकते. गाडी मोटरवेवर लांब पळवली की ती काजळी तापून जळून जाते, फिल्टर साफ. पण मी बसलो वर्क फ्रॉम होम करत. गाडी जाते कुठे, तर मुलांच्या स्कूल रनला नि टेस्कोत भाजी आणायला. मग फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डवर लाइट लागतो आणि गॅरेजवाला मला बघून हसतो. तुम्ही तर काय, रिटायर्ड. जीपीचा दवाखाना, लायब्ररी, देऊळ. कशाला डोक्याला ताप?"

"म्हणजे ही गाडी अधूनमधून लांब न्यावीच लागते?"

"न्यावीच लागते. नाइलाज आहे."

"नाइलाज?" काकांचा चेहरा असा काही खुलला की बस्स. "घेतली!"

मिलिंदने कपाळावर हात मारून घेतला.

शशिधरकाकांचा सगळा जन्म हॉस्पिटलात भूल देण्यात गेला. बरे झालेले पेशंट सर्जनला चॉकलेटं आणून देत. काकांना कुणी ओळखतसुद्धा नसे, कारण नीट ओळख व्हायच्या आत पेशंट झोपलेले असत. काकांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. कमरेचा ब्लीप वाजला, बोलावणं आलं की जायचं, काम करायचं, निमूट घरी यायचं. न बोलावता कुठे जायचं नाही, हे त्यांच्या हाडीमांसी मुरलेलं.

ते एकदाच मोडलं होतं. लेक आश्लेषा मोटरवेने अडीच-तीन तासांवर, ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांवर काम करते. दोन वर्षांपूर्वी काका आणि सुप्रभाकाकू न कळवता तिच्या दारात जाऊन थडकले, हातात पुरणपोळ्यांचा डबा. आश्लेषा मीटिंगमधून उठून आलेली, केस पिंजारलेले, कडेवर तनू भोकाड पसरून रडतेय. "बाबा, यायच्या आधी फोन तरी करायचा ना!" एवढंच ती म्हणाली. पण ते काकांच्या काळजात रुतलं ते रुतलंच. तेव्हापासून ते फोन करत, "तू बिझी असशील" म्हणत आणि ठेवून देत. जायचं ते दिवाळीला आणि वाढदिवसाला, बोलावलं की. तनू आता चुरुचुरु बोलायला लागली होती, आणि काकांना ते सगळं फोनच्या पडद्यावर ऐकावं लागत होतं. नातीची आठवण येते हे काय कारण झालं? काहीतरी भक्कम कारण हवं. ते आता ड्राइव्हवेत येऊन उभं राहिलं होतं.

"म्हातारचळ लागलाय तुम्हाला!" काकू गाडी बघून कडाडल्या. काकांनी मग फिल्टरचं शास्त्र समजावून सांगितलं. काकूंना फिल्टरचं फारसं काही कळलं नाही, नवऱ्याचं मात्र सगळं कळलं. "बेसन भाजायला घेते," त्या म्हणाल्या. "लाडू टिकतात."

पण मेला तो लाइट लागेल तर शपथ! काका रोज किल्ली फिरवून आशेने बघायचे. लायब्ररीत चालत जाणारा माणूस गाडीने जायला लागला. दूध आणायला गाडी, कोथिंबीर आणायला गाडी. अखेर एका शुक्रवारी संध्याकाळी ते "लागला! लागला!" ओरडत घरात शिरले. शेजारच्यांना वाटलं, क्रिकेटचा निकाल लागला.

शनिवारी मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये चहाला थांबून त्यांनी आश्लेषाला शिस्तीत फोन केला. "गाडीच्या कामाने तिकडेच येतोय. दारातूनच लाडू देऊन जातो."

आश्लेषा दारातच उभी होती. "बाबा! हा एवढा मोठा गाडी कुणाचा?"

"ही गाडी," काकू म्हणाल्या. "आमचीच. यांना फिल्टर साफ करायचा होता."

"हो, लाइट लागला होता ना," काका उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "हा डबा घे. आम्ही निघतो."

"मग तो लाइट विझला कुठे?"

"टॅमवर्थला," काका बोलून गेले. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"टॅमवर्थ तर घरापासून जवळ आहे बाबा. तिथून परत का नाही गेलात?"

आश्लेषा इंजिनांवर काम करते, हे काका साफ विसरले होते. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

"तनूला बघायचं होतं गं," ते शेवटी म्हणाले. "तुझीही आठवण येत होती. पण तू तेव्हा म्हणाली होतीस..."

"मी फोन करा म्हटलं होतं, बाबा. येऊ नका नव्हतं म्हटलं!" आश्लेषाचा आवाज चिरकला. "तुम्ही आपणहून याल म्हणून दोन वर्षं मी वाट बघते. मला वाटलं, तुम्हाला इथे आवडत नाही."

तेवढ्यात तनूने आतून पळत येऊन काकांचं बोट धरलं. "आजोबा, शूज काढ," ती हुकूम सोडून मोकळी झाली.

काकांनी खाली बसून बूट काढले. लेस सोडायला जरा वेळच लागला, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. त्या रात्री ते दोघे तिथेच राहिले.

पुढच्या शनिवारी सकाळी काकू लाडवांचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. काकांनी किल्ली फिरवली. डॅशबोर्ड स्वच्छ होता, फिल्टरचा लाइट काही लागला नव्हता.

"फोन केलात ना तिला?"

"केला," काका सीटबेल्ट लावत म्हणाले. "म्हटलं, काही काम नाही. येतोय."