जुळवाजुळव

चंद्रशेखर मेश्रामांनी गोणपाट सोडलं आणि आतले इंजिनाचे सहा कनेक्टिंग रॉड दुकानाच्या काउंटरवर एकेक करून मांडले. अरुणाजींनी त्यातले दोन उचलून दोन्ही हातांत तोलले.

"हे एका गाडीचे नाहीत."

"नाहीत. कबाड्याच्या भंगारात असेच मिळाले."

"मग वजनं सारखी करावी लागतील. घासत बसावं लागेल."

"घासा. मी थांबतो."

त्याच कबाड्याकडे एकाच इंजिनाच्या रॉडांचा अख्खा सेट पडला होता. मेश्रामांनी तो उलटापालटा करून पाहिला होता आणि जागेवर ठेवून दिला होता.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुना ट्रक स्वस्तात घेतला होता. त्याचं इंजिन कामातून गेलेलं. सगळी नोकरी ट्रकच्याच कारखान्यात झाली होती, तेव्हा इंजिन आपणच बांधू म्हणून त्यांनी ट्रान्सपोर्ट नगरात एक शेड भाड्याने घेतली. ब्लॉक एका गाडीचा आणला, हेड दुसरीचं, क्रँक तिसरीचा. क्रँक घासायला पहिल्यांदा या दुकानात आले, तेव्हा सगळं बोलणं हिंदीतच झालं. "भाईसाहब, दो दिन लगेंगे," असं सांगून अरुणाजींनी क्रँकवरून बोट फिरवलं आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "कायले इतका झिजवला बापा."

निघालेले मेश्राम पायरीवरच थबकले. बायको कमला गेल्यापासून अशी नागपूरकडची बोली त्यांच्या कानावर पडली नव्हती.

अरुणाजी नागपूरच्या, लग्नानंतर श्रीवास्तवांच्या घरात, या हिंदी मुलखात आलेल्या. नवऱ्यामागे दुकान त्याच पाहत. मराठी बोलता बोलता मध्येच एखादा शब्द त्यांना सापडेना, मग दोघं मिळून तो शोधत. वृंदावन योजना या वसाहतीतल्या घरी परतल्यावर मेश्राम तो शब्द पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहत. ऐकायला कोणी नसे. नात फोनवर "दादाजी, कैसे हो?" म्हणायची आणि फोन बापाच्या हातात द्यायची.

"पप्पा, इंजिन सुरू झालं की ट्रक विकायचा आणि हैदराबादला यायचं," राजरत्न दर वेळी बजावायचा. "अब और बहाना नहीं."

"येतो म्हटलं ना," मेश्राम म्हणायचे. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

पाचवा रॉड काट्यावर ठेवताना अरुणाजींनी विचारलं, "हे झालं की जाणार ना तुम्ही?"

"मुलाला शब्द दिलाय."

सहावा रॉड उचलून अरुणाजींनी मशीन सुरू केलं, आणि त्या आवाजात पुढचं बोलणं राहून गेलं. सहाही रॉड त्यांनी वजनाला अगदी तंतोतंत सारखे करून दिले. कामात खोट ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मग गॅस्केट झाली, पंप झाला, आणि एक दिवस आणायचं असं काही उरलंच नाही.

इंजिन सुरू करायच्या दिवशी अरुणाजी दुपारीच दुकान बंद करून आल्या. शेडमध्ये त्या पहिल्यांदाच येत होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी नेसल्या होत्या, आणि तेलकट जमिनीवरून ती सावरत चालत होत्या.

मेश्रामांनी स्टार्टर दिला. इंजिनाने दोनदा आचके दिले, काळ्या धुराचा लोट सोडला आणि पकडलं. थोड्या वेळात धूर विरळ झाला. मेश्रामांनी हेडच्या झाकणावर तळहात टेकवला. कुठेही अडखळ नव्हती. वेगवेगळ्या गाड्यांचं लोखंड एका लयीत चाललं होतं.

"जुळलं," ते म्हणाले. त्यांनी हात पुसला आणि खिशातून फोन काढला. "राजरत्नला कळवतो."

अरुणाजी मान कलती करून इंजिनाकडे पाहत राहिल्या. अमौसीच्या विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरून गेलं, तो आवाज ओसरेपर्यंत त्या थांबल्या.

"टॅपेटचा आवाज येतोय," त्या म्हणाल्या.

मेश्रामांनी कान दिला. झडपांच्या टॅपेटची सैल टकटक त्यांनी झोपेतसुद्धा ओळखली असती. असा कुठलाच आवाज येत नव्हता. त्यांनी अरुणाजींकडे पाहिलं. त्यांची नजर इंजिनावरच होती, पदराचं टोक मात्र बोटाभोवती घट्ट गुंडाळलं गेलं होतं.

"उघडावं लागेल," त्या हळूच म्हणाल्या.

मेश्रामांनी फोन खिशात ठेवला.

"हो," ते म्हणाले. "येतोय खरा."

आणि त्यांनी इंजिन बंद केलं.