पाच फरशांखाली

खांब जिथे छताला मिळतो, तिथली भेग सोमवारी अर्धा मिलिमीटर रुंद होती. गुरुवारी ती पाऊण मिलिमीटर भरली. आमच्या चष्म्याच्या दुकानात पट्ट्या आणि भिंगांना तोटा नाही. मी दोनदा मोजली. 

मॉल उघडला तेव्हापासून बाबा इथे आहेत. आमच्या डोक्यावरच्या गाळ्यात आधी बुटांचं दुकान होतं. मग खेळण्यांचं आलं, मग फर्निचर, मग व्यायामशाळा. प्रत्येक नव्या दुकानदाराला जुनी फरशी नकोशी वाटायची, पण ती उखडण्याइतका दम कुणालाच नसायचा. जुनीवरच नवी बसवायची, असाच इथला शिरस्ता. वरच्या दाराशी पूर्वी सपाट होतं; आता पायरी चढून आत जावं लागतं. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, आमचा मॉल अजून वाढीच्या वयात आहे.

आता तिथे शोभेच्या माशांचं दुकान येत होतं. पाचवी फरशी बसली होती. मासेवाल्याने टाक्यांची मापं हौसेने सांगितली: आठ टाक्या, प्रत्येकीत दीड हजार लिटर. म्हणजे बारा टन पाणी. मी मॉलच्या मॅनेजरला खाली आणून भेग दाखवली. तो म्हणाला, रंगारी पाठवतो. पाणी भरणं थांबवा म्हटलं, तर उद्घाटन परवावर आलंय म्हणाला.

डोक्यावरचं ओझं वाढत चाललंय, इथून निघू या, हे बाबांना सांगायचं मी दोन वर्षं टाळत आले होते. आई गेल्यापासून ते सकाळी उठायचे ते या दुकानासाठीच.

दुपारी वर पाण्याचा आवाज सुरू झाला. बाबा एका आजींची नजर तपासत होते. काउंटरवर पांढरी भुकटी पडली. त्यांनी ती चष्मे पुसायच्या फडक्याने टिपली आणि पुढची ओळ वाचायला सांगितली. मी बाहेर जायला दार ढकललं. सकाळपासून घासणारं ते काचेचं दार अर्ध्यावरच अडलं. चौकट तिरपी झाली होती. खांबातून सुकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला.

मी अग्निशमन दलाला फोन लावला. पत्ता दोनदा सांगितला. मग आजींना हाताला धरून त्या फटीतून बाहेर काढलं आणि वर धावत जाऊन नळ बंद करायला लावला, सगळ्यांना खाली पिटाळलं.

परत आले तर बाबा खुर्चीतच.

"दाराला तेल घाल जरा," ते म्हणाले. "तू आणि तुझी मापं. उगीच जीव घाबरवतेस."

त्यांचे हात मात्र खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळलेले होते. मी त्यांच्या काखेत हात घातला.

"बाबा, उठा. आपण हे दुकान सोडतोय. आत्ता, आणि कायमचं."