मिस्तरींचे दात

आमचे हे लाकडाला पॉलिश करतात. त्यांचा हात फिरला की जुनी खुर्ची मालकालाच ओळखू येत नाही. कारखान्यात सगळे त्यांना मिस्तरी म्हणतात आणि त्यांच्या शब्दाबाहेर जात नाहीत. घरात मात्र स्वतःचं काही दुखलं-खुपलं तर हा माणूस हूं की चूं करत नाही.

म्हणून त्या सकाळी बेसिनमध्ये रक्त दिसलं तेव्हा मी आधी ओरडले आणि मग घाबरले.

"हे कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. दात घासताना येतं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"आणखी जोरात घासतो. घाण असेल ती निघून जाईल."

मी कपाळाला हात लावला. मग एकेक आठवायला लागलं. ह्यांनी गार पाणी पिणं सोडलं होतं, घास एकाच बाजूने चावत होते. मी म्हणायची, कामाचा शीण असेल. इतकी वर्षं संसार करून हे आपल्याला कळू नये याचा मला भयंकर राग आला, आणि तो मी त्यांच्यावरच काढला. ते म्हणाले, "बाबांचे सगळे दात लवकर गेले. दादाचेही गेले. आता माझी पाळी. आमच्या रक्तातच आहे ते."

दादाभाऊजींची कवळी खाताना घसरते. चारचौघांत लाज वाटते म्हणून ते कुणाकडे गेले की "जेवूनच आलोय" म्हणतात, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून काहीतरी मऊ, पातळ गिळतात. ह्यांना तसं बसलेलं मला बघवलं नसतं. मी त्याच दिवशी दवाखान्यात फोन केला.

दातांच्या डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या. ह्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या जाहीर केलं, "एकेक करत बसू नका बाई. सगळे एकदाच काढून टाका. माझी तयारी आहे."

तयारी कसली! खुर्चीचे हात इतके आवळून धरले होते की पॉलिश असतं तर निघून आलं असतं.

"आधी बघू तर द्या, काका."

डॉक्टरबाईंनी प्रत्येक दात ठोकून, हिरडीपाशी टोचून पाहिला.

"काढायचे कशाला?" त्या म्हणाल्या. "एकही हलत नाही. कीड नाही. चांगले दणकट दात आहेत."

माझा जीव भांड्यात पडला. ह्यांना मात्र खरं वाटेना. "मग रक्त?"

डॉक्टरबाईंनी त्यांच्या हातात आरसा दिला. "पुढून बघा, कसे चकचकीत. इतके घासलेत की मुळाशी खाचा पडल्यात, म्हणून गार लागतं. आता मागची बाजू बघा."

त्यांनी तोंडात धरलेल्या दुसऱ्या छोट्या आरशात दातांची पाठ दिसली. पिवळं, खडबडीत किटण साचलं होतं.

"इथे ब्रश कधी पोचलाच नाही. त्यामुळे हिरड्या सुजल्यात. हे आता ब्रशने निघायचं नाही, मी काढून देते. मग रक्त थांबेल."

"मागून कोण बघतं?" हे पुटपुटले.

"अहो, कपाटासारखं केलंत की!" मला राहवलं नाही. "दर्शनी बाजू आरशासारखी, आणि पाठ काय, भिंतीलाच लागणार."

डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी ह्यांना घासून दाखवायला सांगितलं. ह्यांनी खांद्यापासून हात चालवत काचपेपर मारल्यासारखं सपासप आडवं घासून दाखवलं.

"असं नाही. ब्रश मऊ घ्या. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, हलक्या हाताने. पुढून तसंच मागून. आणि सहा महिन्यांनी दाखवायला या, दुखत नसलं तरी."

हे ब्रशकडे बघत राहिले. "लाकडाच्या रेषेला आडवं घासलं की चरे पडतात," ते हळूच म्हणाले. "नव्या माणसाला मी पहिल्यांदा हेच शिकवतो."

किटण निघाल्यावर ते जिभेने दातांची पाठ चाचपत बाजूला बसले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "काकू, तुम्ही कधी दाखवले होते?"

मला काय धाड भरलीय, असं म्हणेपर्यंत मी खुर्चीत होते. एका दाढेत बारीकशी कीड निघाली. आत्ताच सापडली ते बरं झालं, आजच भरून टाकू, असं म्हणत त्यांनी माझ्या तोंडात कापूस कोंबला. बसल्या बसल्या ह्यांनी विचारलं, "पण मग आमच्या दादाचे कसे गेले?"

"आधी कधी दाखवले होते त्यांनी?"

"छे. रक्तातच आहे म्हटल्यावर दाखवायचं काय? दुखायला लागले की जाऊन काढून यायचा."

"थोडंफार असतंही घराण्यात. पण तेवढ्याने सगळे दात जात नाहीत, काका."

हे उठून खिडकीपाशी गेले आणि त्यांनी फोन लावला.

"दादा, माझे राहिले रे. सगळे राहिले." "ऐक ना. तुझ्या पोराला उद्या इकडे घेऊन ये. नाही, दुखत नसू दे. दुखत नाही तोवरच आण."