अबोल्याचा गृहपाठ

आमच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या आहेत. दाराजवळची आजोबांची, आतली बाबांची. समोर भिंतभर एकच आरसा, त्यामुळे बापलेक दिवसभर एकमेकांना दिसत असतात. पण दिसतात एवढंच. दोन वर्षं त्यांच्यात अबोला होता आणि मधली टपालखात्याची नोकरी बिनपगारी माझ्याकडे होती. बाबांपासून दोन हातांवर उभे राहून आजोबा मला म्हणायचे, "तुझ्या बापाला सांग, पाणी तापलंय." मी सांगायची. बाबा म्हणायचे, "त्यांना म्हणावं, मला दिसतंय." आठवीतल्या मुलीनं शाळा सुटल्यावर हे धंदे करायचे असतात का, असं मी दोघांनाही विचारलं होतं. दोघांनीही मला ते दुसऱ्याला विचारायला सांगितलं.

भांडण झालं होतं एका टकलावरून. वकीलकाका हे आजोबांचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. दोन्ही कानांवर मिळून मूठभर केस, पण दर पंधरा दिवसांनी ते कापून घ्यायला येणार म्हणजे येणार. आता सलूनचा एक नियम असतो, कुठं लिहिलेला नसतो. दुसऱ्याच्या खुर्चीचं गिऱ्हाईक आपण बोलवायचं नाही. ते ताटकळून झोपलं तरी नाही. त्या दिवशी वकीलकाका नेहमीप्रमाणे आजोबांच्या खुर्चीकडे निघाले आणि बाबा म्हणाले, "काका, तुम्ही इकडं या." भरल्या दुकानात. आजोबांनी झटकून धरलेला टॉवेल घडी करून ठेवला आणि तिथून पुढं बाबांशी एक शब्द बोलले नाहीत.

बाबांनी तसं का केलं, हे सगळ्यांना माहीत होतं. आजोबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. वस्तरा हातात घेतला की जास्तच. पण माहीत असणं वेगळं आणि तोंडानं म्हणणं वेगळं. हळूहळू बाकीची गिऱ्हाइकंही काही न बोलता आतल्या खुर्चीकडे सरकली. आजोबा रोज सकाळी आपली रिकामी खुर्ची पुसायचे, मग टॉवेल वाळत घालायचे, मग पुन्हा खुर्ची पुसायचे. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की पुढचा महिना संपला की ते कायमचे आत्याकडे जाणार. जाहीर अर्थातच माझ्याकडे केलं. तो निरोप मी बाबांना दिला तेव्हा बाबा कात्री पुसत राहिले. मला दोघांचाही इतका राग आला, की मी जेवले नाही. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच आठवड्यात शाळेत इंग्रजीच्या रिपीट बाईंनी उपक्रम काढला. त्यांचं खरं नाव कोणालाच आठवत नाही, कारण त्या तासभर फक्त 'रिपीट' म्हणत असतात. बाईंनी तीस पानांची पुस्तिका वाटली. रोजच्या जगण्यातले तीस विषय, रोज एक. घरातल्या दोन मोठ्या माणसांनी त्या विषयावर एकमेकांशी इंग्रजीत बोलायचं, आपण ऐकायचं, खाली तिघांच्या सह्या. सह्या नसतील तर तोंडी परीक्षेला बसू देणार नाहीत.

माझी आई इस्पितळात नर्स आहे. ती घरी येते तेव्हा तिला मराठीतसुद्धा बोलायचं नसतं. म्हणजे मोठी माणसं उरली दोन.

मी पुस्तिका आजोबांपुढं धरली. त्यांनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली. "म्हणजे मी त्याच्याशी बोलायचं?"

"तुम्ही बोलायचं नाही. माझा अभ्यास करायचा."

आजोबांनी यावर बराच विचार केला. "अभ्यासाचं वेगळं," ते म्हणाले. "विद्येच्या आड मी येणार नाही."

दुपारी चारला दुकानात गर्दी नसते. ती वेळ ठरली. सगळे संवाद मी देवनागरीत लिहून काढले आणि दोघांच्या हातात एकेक कागद दिला. पहिला विषय हवामान. बाबांनी घसा साफ केला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बापाकडे तोंड करून म्हणाले, "टुडे इज व्हेरी हॉट."

आजोबांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "नो. टुडे इज कोल्ड."

बाहेर डांबर वितळत होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी सही घेतली.

दुसऱ्या दिवशी बाजार. आजोबा दुकानदार, बाबा गिऱ्हाईक. बाबांनी टोमॅटो मागितले. आजोबा म्हणाले, "नो टोमॅटो." मग बटाटे. "नो पोटॅटो." बाबांनी विचारलं, मग आहे काय दुकानात? आजोबा म्हणाले, सगळं आहे, पण तुला नाही. हे सगळं इंग्रजीत, आणि मला तर वाटतं पुस्तिकेतल्या संवादापेक्षा चांगल्या इंग्रजीत. माणसाला मनापासून भांडायचं असलं की शब्द सापडतात.

आठवडाभरात बातमी गल्लीत पसरली. चार वाजता लोक दाढी वाढलेली नसतानाही येऊन बसायला लागले. वकीलकाका तर रोज हजर. ज्यांच्या पायी रामायण घडलं, ते पुढच्या बाकावर पाय पसरून बसायचे आणि मला म्हणायचे, "हं, चालू द्या, साक्षीदार आलेत."

बारावा विषय डॉक्टरांकडे. बाबा डॉक्टर, आजोबा पेशंट. बाबांनी विचारलं, "व्हॉट इज युवर प्रॉब्लेम?"

"माय सन," आजोबा म्हणाले.

दुकान हसून लोळलं. बाबाही हसले, पण लगेच सावरून त्यांनी विचारलं, केव्हापासून त्रास आहे? आजोबा म्हणाले, "थर्टी-एट इयर्स." बाबांचं वय अडतीस. बाबांनी दिवसातून तीनदा गोळ्या लिहून दिल्या. आजोबांनी त्या कडू आहेत म्हणून परत केल्या.

पण चारचे साडेचार झाले, सह्या झाल्या, की आजोबा मला म्हणायचे, "तुझ्या बापाला सांग, गिऱ्हाईक आलंय." पुन्हा टपालखातं. आणि दिवस तर कमी होत चालले होते. आजोबांनी कपड्यांची पेटी पलंगाखालून काढून पलंगावर ठेवली होती. त्यातच मी एकदा पुस्तिका पुढं चाळली. एकोणतिसावा विषय होता, 'न्हाव्याच्या दुकानात'.

मी सरळ स्टेपलर घेतला आणि ते पान आधीच्या पानाला जोडून टाकलं. खुर्चीवरून पेटलेलं भांडण मला पुन्हा खुर्चीपाशी न्यायचं नव्हतं. एक दिवस आधीच संपेल, कोणाला कळणार आहे?

वकील असलेल्या माणसाला कळतं. मी तिसावा विषय जाहीर केला तर काका म्हणाले, "काल अठ्ठावीस झाला. आज तीस कसा? एकोणतिसावा पुरावा कुठंय?" त्यांनी पुस्तिका मागितली, नखानं पिना उचकटल्या आणि पान मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. दुकानात कोणी हसलं नाही.

संवादात एक न्हावी होता आणि एक गिऱ्हाईक. कोणी काय व्हायचं, हे मी सांगायचं असतं. मी उचकटलेल्या पिना गोळा करत बसले. तेवढ्यात बाबा उठले, दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले आणि स्वतःच गळ्याभोवती कापड गुंडाळून घेतलं.

"शेव्ह, प्लीज," ते म्हणाले.

आजोबा जागचे हलले नाहीत. मग हलले. वाटीत ब्रश घोळवला, फेस केला, बाबांच्या गालांवर लावला. फेस लावताना हात थरथरला तरी कोणाचं काही बिघडत नाही. मग त्यांनी वस्तरा उघडला. मूठ बाबांच्या गळ्यापाशी आली आणि वस्तऱ्याचं पातं उन्हात लुकलुकायला लागलं. वकीलकाका बाकावरून अर्धे उठले. मला ओरडायचं होतं. बाबांनी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

"गळा कापला जाईल, गाढवा," आजोबा मराठीत म्हणाले. "हात थरथरतोय. दिसत नाही?"

"दोन वर्षं दिसतंय," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कसं बोलणार, आबा? वस्तरा धरायला तुम्ही शिकवलंत."

"गिऱ्हाइकाला हाक मारता येते. बापाला घरी दोन शब्द सांगता येत नाहीत."

"नाही आलं," बाबा म्हणाले. "भीती वाटली. चुकलो मी."

आजोबांनी वस्तरा गळ्यापासून बाजूला घेतला. मग त्यांनी वस्तरा मिटला, बाबांच्या हातात दिला, चार पावलं आत गेले आणि बाबांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत मी त्यांना कधीच बसलेलं पाहिलं नव्हतं. ते तिथं फार लहान दिसत होते. मी रडत होते आणि ते लपवायची मला काही गरज वाटली नाही.

बाबा तोंडाला फेस तसाच ठेवून उठले. आजोबांच्या गळ्याभोवती टॉवेल लावला, गाल ओले केले, ब्रश फिरवला. वस्तऱ्याला चामड्यावर धार लावून त्यांनी कामाला सुरुवात केली. एक गाल झाला, बाबा दुसऱ्या गालाकडे वळले.

"उद्यापासून मी कुठं उभा राहू?" आजोबांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता. दोन वर्षं त्यांना हाच प्रश्न विचारायचा होता, हे मला तेव्हा कळलं.

बाबांचा हात थांबला. "माझ्या मागं उभे राहा," ते म्हणाले. "माझ्या हातून कल्ले वाकडे होतात. मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक बोलत नाही एवढंच."

आजोबांनी आरशात बाबांकडे पाहिलं.

"डावाच होतो," ते म्हणाले. "उजवा बरा असतो."