हातातून गेलेलं गिऱ्हाईक

विजयश्रीने धनेशपुढे चहाबरोबर क्रीमरोलही ठेवला, तेव्हाच त्याने ओळखलं, आज विषय महागातला आहे.

निघोजे गावातली, गाड्यांचे सुटे भाग बनवायची ही शेड भाड्याची. सुरुवातीला बँकेने घराचे कागद मागितले, आणि लातूरहून आलेल्या विजयश्रीकडे तर नुसता भाडेकरार. मग धनेशची फायनान्स कंपनी आली. त्याने लाइटबिलं चाळली, गेलेल्या मालाची चलनं पाहिली, पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवरच्या ज्योतीरामशी दोन गोष्टी बोलला आणि कर्ज मंजूर केलं. व्याज असं, की ती त्याला तोंडावर सावकार म्हणायची. हप्ता मात्र कधी चुकला नाही.

“बोला ताई. हप्ता पुढे ढकलायचाय?”

“तशी दिसते का मी?” तिने पदर सारखा केला. “बँकवाले स्वतः आले होते. तुमचं कर्ज तेच फेडणार, वर दुसऱ्या प्रेसला देणार. व्याजही कमी. ती प्रेस आली नाही तर गाडीच्या कंपनीची ऑर्डर जाते, धनेशभाऊ. कर्ज बंद करायचं पत्र हवंय.”

धनेशने क्रीमरोल तोडला.

“आमचे साहेब बोंबलणार. पण घरी मी ऐटीत सांगणार, माझं गिऱ्हाईक बँकेने पळवलं!” मग हळूच म्हणाला, “तसा पैसा तोच हो. आम्हीही बँकेकडूनच उचलतो.”

“म्हणजे इतकी वर्षं बँकेचाच पैसा वापरला मी?”

“वळशाने. वळशाचं भाडं आम्ही घेतलं.”

“लबाड!” ती मोकळं हसली.

पत्रासाठी ऑफिसला फोन लावून तो उठला. विजयश्रीने प्रेसकडे पाहिलं. ज्योतीराम मागच्या गल्लीतली रिकामी शेड स्वतःसाठी दोनदा बघून आला होता. तिला ते कळलं होतं आणि दुसरी प्रेस येईपर्यंत न कळल्यासारखं वागायचं, असंही तिने ठरवलं होतं.

“बसा भाऊ. एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं घेऊन जा,” ती म्हणाली. “ज्योतीराम, इकडं ये. यांना सांग, तुला स्वतःचं काय टाकायचंय ते.”

ज्योतीराम कानापर्यंत लाल झाला.

“ताई, पण इथली दुसरी प्रेस कोण चालवणार?”

“ते मी बघते. तू आधी व्याजाची घासाघीस कर. पहिलाच आकडा मान्य केलास, तर माझ्या हाताखाली शिकलो म्हणून कुणाला सांगू नको.”

ती उठली, पदर खोचला, हातमोजे चढवले आणि प्रेसवर त्याच्या जागी जाऊन उभी राहिली.